जुने वाद्य आणि सीमेवरचा कागद

वापरलेली वस्तू विकत घेणे आपल्या मध्यमवर्गात अजूनही थोडे कमीपणाचे समजले जाते. जुनी सायकल किंवा जुने कपाट घेणारा गृहस्थ ते निरुपायाने घेतो आणि परिस्थिती सुधारली की नवे घेऊ, असे मनाशी म्हणत असतो. वाद्यांच्या बाबतीत मात्र हा न्याय लागू पडत नाही. जर्मन सुरांची जुनी पेटी मिळत असेल तर नव्या पेटीकडे ढुंकूनही न पाहणारे वादक महाराष्ट्रात गावोगाव आढळतात. चांगल्या लाकडाचे व्हायोलिन नीट सांभाळले तर शंभर वर्षांनंतरही मैफलीत वाजते. वाद्याचे आयुष्य बहुधा त्याच्या पहिल्या धन्यापेक्षा अधिक असते. तेव्हा त्याने हात बदलणे, एका घरातून दुसऱ्या घरात जाणे, हा त्याच्या जीवनक्रमाचाच भाग होय.

हे हात बदलणे आता देशांच्या सीमा ओलांडून होऊ लागले आहे. फ्रान्समधील मिरकूर किंवा जर्मनीतील मार्कनॉयकिर्शेन येथे घडलेले व्हायोलिन अमेरिकेतील एखाद्या निवृत्त शिक्षकाकडून जपानमधील विद्यार्थ्याकडे जाते; मिरजेत तयार झालेला तंबोरा लंडनमधील एका घरातून कॅलिफोर्नियातील दुसऱ्या घरात पोचतो. पूर्वी अशा व्यवहारात पेढी असलेला व्यापारी मध्ये असे. वाद्याच्या अस्सलपणाची जबाबदारी तो आपल्या नावावर घेई आणि त्याचा मोबदलाही घसघशीत घेई. इंटरनेटमुळे हा मध्यस्थ वगळून एक खाजगी गृहस्थ दुसऱ्या खाजगी गृहस्थाला थेट वाद्य विकू शकतो. किंमत कमी होते, हा त्याचा लाभ; जबाबदारी घेणारे कोणी उरत नाही, हा त्याचा तोटा.

हा मूठभर हौशी लोकांचा प्रश्न आहे असे समजून त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. चेलो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, उत्तम प्रतीचे व्हायोलिन ही वाद्ये शिकणारी मुले पणजी, मुंबई, पुणे येथेच नव्हे तर लहान शहरांतही आहेत. त्यांच्या आईबापांना नवे परदेशी वाद्य परवडत नाही, आणि शिकाऊ प्रतीच्या वाद्यावर काही वर्षांनंतर प्रगती खुंटते. अशा घरांना जुन्या वाद्यांचा जागतिक बाजार हा खरा आधार ठरू शकेल. तो तसा ठरत नाही, याचे एक कारण बाजारात आहे आणि दुसरे सरकारी नियमांत. ही दोन्ही कारणे स्वतंत्र दिसत असली तरी त्यांचे मूळ एकच आहे: वाद्याबरोबर त्याचा विश्वसनीय कागद नसतो.

अज्ञानाची किंमत

बाजाराचा दोष अर्थशास्त्राला परिचित आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. मोटारीचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरासरी दर्जा गृहीत धरून किंमत देऊ करतो. उत्तम मोटारीच्या मालकाला ती किंमत परवडत नाही, आणि तो बाजारातून अंग काढून घेतो. मागे राहिलेल्या मालाचा सरासरी दर्जा घसरतो, त्यापाठोपाठ किंमत घसरते आणि मग मध्यम दर्जाचा मालही नाहीसा होतो. वाईट नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावते, या ग्रेशॅमच्या नियमाशी याचे नाते उघड आहे. या निबंधापूर्वी ॲकरलॉफ काही काळ दिल्लीत राहून गेले होते. बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे भारतीय गृहिणीला निवडत बसावे लागते, हे उदाहरण त्यांनी निबंधात दिले आहे. याच विषयावरील कार्यासाठी २००१ साली त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तांदळातले खडे निदान डोळ्यांना दिसतात. वाद्याचे दोष दिसत नाहीत, आणि वाद्य हजारो मैलांवर असेल तर ते ऐकूही येत नाहीत. सतारीच्या भोपळ्याला गेलेला तडा लाख भरून व वर रोगण फिरवून झाकता येतो. व्हायोलिनच्या आतल्या आधारकाठीजवळ पडलेली चीर बाहेरच्या छायाचित्रात उमटत नाही. गिटारची दांडी किंचित वाकली असेल तर ते हातात घेतल्यावरच कळते. पेटीचा प्रकार तर अधिकच फसवा आहे. बाहेरची पेटी व तिच्यावरचे नाव जुन्या कारखान्याचे असते, भाताही शाबूत असतो. परंतु आतले मूळ सूर केव्हाच काढून त्या जागी साधे सूर बसविलेले असतात. मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीतून या साऱ्याचा अंदाज येतो, खात्री पटत नाही.

शिवाय प्रत्येक वेळी विकणारा लबाड असतो असेही नाही. वडिलोपार्जित व्हायोलिन माळ्यावर सापडले, आत स्ट्राडिव्हारीच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि कुटुंबाला ते खरोखरच मौल्यवान वाटते, असे प्रसंग युरोप-अमेरिकेत नित्य घडतात. अंतोनियो स्ट्राडिव्हारी हा क्रेमोनाचा कारागीर १७३७ साली निवर्तला. पुढे जर्मनी, बोहेमिया व फ्रान्समधील कारखान्यांनी त्याच्या नमुन्यावर हजारो व्हायोलिने काढली आणि नमुना कोणाचा हे कळावे म्हणून त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या आत लावल्या. त्या चिठ्ठ्यांचा खरा अर्थ सांगण्यास मदत झाली ती एका जकात कायद्याची. परदेशातून येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत लिहिले पाहिजे, अशी सक्ती अमेरिकेने १८९० च्या कायद्याने केली. म्हणून स्ट्राडिव्हारीच्या नावाखाली जर्मनी किंवा चेकोस्लोव्हाकिया असे इंग्रजीत छापलेले असेल तर ते वाद्य कोणत्या काळातले, हे जाणकाराला तात्काळ कळते. कर वसूल करण्याच्या व्यवस्थेतून निघालेला एक क्षुल्लक कागद पुढच्या पिढ्यांना सत्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दर्जाप्रमाणेच मालकीचाही प्रश्न असतो. १९८० साली रोमन टोटेनबर्ग या नामांकित वादकाचे १७३४ साली घडविलेले स्ट्राडिव्हारी व्हायोलिन अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात चोरीस गेले. ते सापडले २०१५ साली, एका तज्ज्ञाकडे किंमत ठरविण्यासाठी नेले गेले तेव्हा. टोटेनबर्ग त्याआधीच, २०१२ साली, निधन पावले होते. वाद्य त्यांच्या मुलींना परत मिळाले. पस्तीस वर्षांच्या काळात ते कोणी प्रामाणिक ग्राहकाने विकत घेतले असते तर काय झाले असते? भारताच्या १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व असे की, ज्याची स्वतःची मालकी नाही तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. इटलीचा दिवाणी कायदा मात्र सद्भावनेने वस्तू घेऊन ताबा मिळविणाऱ्याला संरक्षण देतो. इंग्लंडमधून चोरलेल्या काही कलावस्तू इटलीत विकल्या जाऊन पुन्हा लंडनला आल्या, तेव्हा विक्री जेथे झाली त्या देशाचा कायदा लागू होतो, असा निर्णय इंग्लंडच्या न्यायालयाने १९८० सालीच दिला. म्हणजे एकच वस्तू एका देशात चोरीची आणि दुसऱ्या देशात कायदेशीर ठरू शकते. सीमेपलीकडून वाद्य घेणाऱ्या सामान्य माणसाला या गुंतागुंतीची कल्पनाही नसते.

देशातल्या देशात जुने वाद्य घेताना गुरुजींना किंवा दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला बरोबर नेता येते. व्यवहार फसला तर विक्रेत्याच्या दारात जाऊन बसता येते. परदेशातील खाजगी विक्रेत्याच्या बाबतीत यातले काहीच शक्य नसते. बँकेतून पाठवलेले पैसे परत मिळविणे दुरापास्त, आणि तेथील न्यायालयात जाण्याचा खर्च वाद्याच्या किमतीहून अधिक. अशा स्थितीत शहाणा ग्राहक एक तर व्यवहार टाळतो किंवा धोक्याचा विचार करून फारच कमी किंमत देऊ करतो. चांगले वाद्य असलेला सज्जन विक्रेता त्या किमतीला ते विकत नाही. तात्पर्य, फसवणूक प्रत्यक्षात झाली नाही तरी फसवणुकीच्या भीतीनेच दोघांचेही नुकसान होते.

शिसवीचा धडा

आता नियमांकडे वळू. वाद्य हे लाकूड, कातडे, हाड, शिंग, क्वचित हस्तिदंत यांपासून बनते. म्हणून निसर्गरक्षणाच्या कायद्यांशी त्याचा थेट संबंध येतो. संकटग्रस्त प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा 'साइट्स' नावाचा करार १९७३ साली वॉशिंग्टन येथे झाला. तो १९७५ मध्ये अमलात आला आणि १९७६ साली भारत त्यात सामील झाला. या कराराची गरज निर्विवाद आहे. हस्तिदंताच्या व्यापाराने हत्तींचा जो संहार केला तो पाहता त्याविषयी सबब सांगण्यास कोणालाही जागा नाही. भारतात १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी भारतीय आणि आफ्रिकी अशा दोन्ही हस्तिदंतांच्या व्यापारावर बंदी आली. त्यामुळे ज्या जुन्या तंबोऱ्याची घोडी हस्तिदंती आहे, तो कितीही प्रेमाने जपलेला असला तरी विकता येत नाही. आणि ते योग्यच आहे.

परंतु योग्य हेतूने केलेला नियमही कोठे आणि कसा लागू होतो हे पाहावे लागते. शिसवीच्या कुळातील लाकडाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ब्राझीलच्या जंगलातील रोझवूड हे गिटारसाठी सर्वोत्तम समजले जाई. ते दुर्मिळ होऊ लागल्यावर मार्टिन या विख्यात अमेरिकी कंपनीने १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवीचा आश्रय घेतला आणि इतर कारखानेही त्याच वाटेने गेले. जगातील असंख्य गिटारींच्या पाठी व कडा आज भारतातील शिसवीच्या आहेत. पुढे १९९२ साली ब्राझिली रोझवूडला साइट्सच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात स्थान मिळाले. त्यानंतर चीनमधील उंची फर्निचरची मागणी एवढी वाढली की आशिया व आफ्रिकेतील या कुळातील झाडांची बेसुमार तोड सुरू झाली. तिला आळा घालण्यासाठी २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत संपूर्ण कूळ दुसऱ्या परिशिष्टात घालण्याचा निर्णय झाला आणि २ जानेवारी २०१७ पासून तो अमलात आला.

नियमाचा रोख फर्निचरवर होता. वाद्ये त्यात अनायासे सापडली. दहा किलोपर्यंतच्या बिगरव्यापारी मालाला सूट होती. गिटारचे वजन त्याहून पुष्कळ कमी असते. म्हणून वादक स्वतःची गिटार घेऊन देशोदेशी हिंडू शकत होता. परंतु तीच गिटार त्याने परदेशातील दुसऱ्या वादकाला विकली की तो व्यापार ठरे आणि परवाना लागे. एकच वाद्य विकणारा शिक्षक आणि जहाजभर लाकूड पाठविणारा व्यापारी यांना कायद्याने एकाच रांगेत उभे केले. ज्या गिटारसाठी झाड कित्येक वर्षांपूर्वीच तोडले गेले होते, तिची विक्री अडवून एकही उभे झाड वाचत नव्हते. उलट जुनी गिटार विकली गेली नाही तर नवी घेतली जाते आणि तिच्यासाठी नवे लाकूड लागते. वाद्य बनविणारे, वाजविणारे आणि वाद्यवृंद यांनी ही बाब संघटितपणे मांडली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाच्या परिषदेने ती मान्य केली आणि त्या वर्षीच्या २६ नोव्हेंबरपासून या कुळातील लाकडाच्या तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिली रोझवूडवरील निर्बंध मात्र कायम राहिले.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक अशी की, निसर्गरक्षण आणि वाद्यांची पुनर्विक्री यांत मूलतः विरोध नाही. दुसरी अशी की, चुकीच्या जागी बसलेला नियम, तर्कशुद्ध मागणी केली तर, तीन वर्षांच्या आत दुरुस्त होऊ शकतो. ब्रिटनने हस्तिदंताच्या बाबतीतही असाच विवेक दाखविला. तेथील २०१८ चा कायदा जवळजवळ संपूर्ण बंदी घालतो. तथापि १९७५ पूर्वीच्या आणि ज्यात हस्तिदंताचे प्रमाण वीस टक्क्यांहून कमी आहे अशा वाद्याची नोंदणी करून ते देशांतर्गत विकण्याची मुभा देतो. भारताने हस्तिदंताविषयी असेच करावे असे कोणी म्हणणार नाही. येथील हत्तींची परिस्थिती वेगळी आहे. मुद्दा नोंदणीचा आहे. वाद्याबरोबर कागद असेल तर कायद्याला सरसकट नकार देण्याची गरज पडत नाही.

काका परदेशी असलेला विद्यार्थी

भारतात जुने वाद्य आणू पाहणाऱ्यासमोर मात्र सरसकट नकारच उभा असतो. आपल्या परकीय व्यापार धोरणानुसार भांडवली वस्तू सोडून इतर वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित आहे. तिला परवाना लागतो. सोलापूरच्या एखाद्या कारकुनाने आपल्या मुलीसाठी जर्मनीतील निवृत्त वादकाकडून जुना चेलो विकत घ्यायचे ठरविले, तर त्याची गणना याच सदरात होते. एका चेलोसाठी परवान्याच्या अर्जाची खटपट कोण करील? मात्र परदेशातून येणारा प्रवासी स्वतःच्या सामानातून वाद्य आणतो तेव्हा त्याला बॅगेजचे नियम लागू होतात आणि वाट बरीच सोपी होते. याचा व्यवहारातील अर्थ असा की, ज्याचा काका न्यू जर्सीत आहे त्या मुलाला चांगले जुने व्हायोलिन मिळते. ज्याचे सगळे नातेवाईक बार्शीत आहेत त्याला मिळत नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात असा भेद नव्हता हे मान्य केले तरी परिणाम तोच होतो.

करांची रचनाही जुन्या मालाला प्रतिकूल आहे. देशात जुन्या वस्तूंचा धंदा करणारा व्यापारी खरेदी व विक्री यांच्या किमतींतील फरकावर वस्तू व सेवा कर भरू शकतो. कारण मूळ किमतीवर कर एकदा भरला गेलेला असतो. युरोपातही हेच तत्त्व आहे. सीमा ओलांडताच ते गुंडाळून ठेवले जाते. समजा, चाळीस हजार रुपयांचे व्हायोलिन वीस वर्षांत तीन वेळा देश बदलते. तर प्रत्येक वेळी त्या देशाचा कर पूर्ण चाळीस हजारांवर बसतो. खाजगी विक्रेता नोंदणीकृत नसल्यामुळे आधी भरलेल्या कराची वजावट कोणालाच मिळत नाही. गेल्या काही वर्षांत ही कोंडी जगभर वाढली आहे. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन व युरोपीय संघ यांच्यातील अशी प्रत्येक विक्री आयात-निर्यात ठरू लागली. त्याच वर्षी १ जुलैपासून युरोपने बावीस युरोपर्यंतच्या मालाची करमाफी काढून घेतली. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची सवलत रद्द केली. तेव्हा नवी पद्धत स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याला अमेरिकेकडे जाणारी पार्सले ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबवावी लागली.

अशा वातावरणात एक वाईट सवय फोफावते. पार्सलावर 'भेटवस्तू' असे लिहायचे, किंमत दहापट कमी दाखवायची आणि नशिबावर भरवसा ठेवायचा. घेणारा आणि देणारा दोघेही सुशिक्षित, एरवी सरळ वागणारे असतात. परंतु नियमच असे आहेत, असे म्हणून ते मनाची समजूत घालतात. या खोट्याचा फटका शेवटी त्यांनाच बसतो. वाटेत दांडी तुटली किंवा भोपळा फुटला तर विम्याची भरपाई जाहीर केलेल्या किमतीपुरतीच मिळते. पुढे ते वाद्य विकायचे झाल्यास त्याची खरी किंमत व कायदेशीर आयात सिद्ध करणारा कागद हाती नसतो. अप्रामाणिकपणाला बक्षीस देणारा आणि प्रामाणिकपणाला दंड करणारा नियम समाजाची नीती बिघडवतो, हे आयात नियंत्रणाच्या दीर्घ अनुभवातून गेलेल्या देशाला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

उलट दिशेची स्थितीही विचार करण्यासारखी आहे. मिरजेच्या सतारी व तंबोरे गेली कित्येक दशके परदेशी जात आहेत. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी ते हौसेने नेले. मुले मोठी होऊन घराबाहेर पडल्यावर कित्येक घरांत ते गवसणीत पडून आहेत. हिवाळ्यात तापवलेल्या घरांतील कोरड्या हवेने त्यांचे लाकूड आकसते, सांधे सुटतात आणि दुरुस्तीला तेथे जाणकार हात सहजासहजी मिळत नाही. अशी वाद्ये मायदेशी परत यावीत, मिरजेत दुरुस्त व्हावीत आणि कमी किमतीत येथील विद्यार्थ्यांना मिळावीत, यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही. परंतु १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार निर्यात झालेला माल परत आला तर त्याला तशाच परदेशी मालाला लागू होणारे शुल्क व निर्बंध लागू होतात. यात सवलती आहेत. पण त्यांना मुदतीची मर्यादा आहे आणि हेच ते निर्यात झालेले वाद्य, हे पटवून द्यावे लागते. वीस वर्षांपूर्वी पाहुण्याच्या सामानातून गेलेल्या तंबोऱ्याचा असा पुरावा कोणापाशी असणार? मिरजेचा तंबोरा मिरजेला परत येताना परका ठरतो.

आक्षेप आणि उपाय

जुन्या मालाला दार उघडले तर परदेशातील भंगार येथे येऊन पडेल, हा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जुने कपडे व निकामी यंत्रसामग्री यांबाबत गरीब देशांना आलेला अनुभव कटू आहे. तसेच मिरजेचे तंतुवाद्यकार आणि मीरतचे बँडवाद्ये करणारे कारागीर यांच्या पोटावर पाय येता कामा नये, ही चिंताही रास्त आहे. तथापि या दोन्ही आक्षेपांना उत्तर आहे. भंगार ठोक भावाने येते, एकेक नग निवडून येत नाही. कोणीही पदरचे भाडे भरून निरुपयोगी चेलो मागवीत नाही. आणि कारागिरांचे म्हणावे तर परदेशात सतार किंवा तंबोरा बनविणाऱ्यांची अशी मोठी स्पर्धाच नाही. परत येणाऱ्या प्रत्येक वाद्यामागे मिरजेला दुरुस्तीचे, जवारी काढण्याचे, पडदे बांधण्याचे काम मिळेल. चेलो किंवा उत्तम क्लॅरिनेट यांच्या बाबतीत येथील कारागिरांशी संघर्ष नाममात्र आहे. किंबहुना अशी वाद्ये देशात आली तरच त्यांची दुरुस्ती करणारा नवा कारागीरवर्ग येथे तयार होईल.

तेव्हा सरकारकडे करावयाची मागणी माफक आहे. वर्षाला एका व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी एक जुने वाद्य परवान्याशिवाय आणता यावे. त्याने रीतसर शुल्क भरावे, संगीतसंस्थेचा किंवा शिक्षकाचा दाखला जोडावा, संरक्षित प्राणी वा वनस्पतींचा अंश नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि ठराविक काळ ते वाद्य विकू नये. या अटींमुळे व्यापाराची पळवाट बंद होते आणि विद्यार्थ्याची वाट मोकळी होते. भारतात घडलेल्या वाद्याला मायदेशी परत येताना मुदतीची अट नसावी. ते येथलेच आहे एवढे सिद्ध झाले की पुरे. निर्यातीच्या बाजूने शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची जी मनाई आहे ती जशीच्या तशी राहावी. तिच्यामुळे वारसा वाचतो. मात्र आपली जुनी पेटी या कायद्यात बसते की नाही, याचा दाखला सामान्य माणसाला वेळेवर मिळण्याची सोय असावी.

दुसरी जबाबदारी कारागिरांची व त्यांच्या संस्थांची आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाचा उपयोग केवळ दुकानाच्या पाटीवर लिहिण्यापुरता राहू नये. प्रत्येक वाद्याला क्रमांक द्यावा. घडविणाऱ्याचे नाव, वर्ष, कोणते लाकूड, भोपळा कोठला, घोडी हाडाची की शिंगाची की लाकडाची, याची एका पानाची नोंद वाद्याबरोबर द्यावी आणि तिची प्रत संस्थेच्या वहीत ठेवावी. वाद्य विकले गेले, दुरुस्त झाले, परदेशी गेले, की त्या पानावर एक ओळ वाढावी. याला मोठा खर्च नाही. जमिनीला सातबारा असतो, मोटारीला नोंदणीपुस्तक असते. मग पन्नास वर्षे टिकणाऱ्या वाद्याला एक पान का नसावे? ॲकरलॉफ यांनी आपल्या निबंधात हमी व नावलौकिक हेच अज्ञानाच्या बाजारावरचे उपाय सांगितले होते. मिरजेपाशी नावलौकिक आहे. त्याला कागदाची जोड हवी आहे. तो कागद ग्राहकाला दर्जा सांगेल, चोरीच्या मालाला आळा घालील आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या शंकेलाही उत्तर देईल.

तिसरी जबाबदारी घेणाऱ्यादेणाऱ्यांची. नियम बदलेपर्यंत ज्यांना असा व्यवहार करावयाचा आहे त्यांनी काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. वाद्याची आतून-बाहेरून छायाचित्रे आणि सर्व स्वर वाजवून दाखविणारी चित्रफीत मागावी. विक्रेत्याच्या गावातील एखाद्या कारागिराला मेहनताना देऊन वाद्य तपासून घ्यावे. त्या खर्चात कंजुषी करणे महागात पडते. विक्रेत्याने ते कोठून घेतले याची पावती किंवा सहीचा जबाब घ्यावा. रक्कम तिऱ्हाइताकडे ठेवून, वाद्य हाती आल्यावरच ती सुटेल अशी व्यवस्था असलेल्या मार्गानेच द्यावी. लाकूड, हाड, कातडे यांविषयी दोन्ही देशांचे नियम आधी पाहावेत. आणि पार्सलावर खरी वस्तू व खरी किंमत लिहावी. विकणाऱ्यानेही दोष लपवू नयेत. सांगितलेल्या दोषाने किंमत थोडी उतरते; लपविलेल्या दोषाने साऱ्या बाजाराचा विश्वास उतरतो आणि त्यात पुढच्या प्रामाणिक विक्रेत्याचाही बळी जातो.

संगीताला सीमा नसतात हे वाक्य समारंभांतून पुष्कळ वेळा ऐकविले जाते. वाद्यांना मात्र सीमा आहेत, त्यांवर चौक्या आहेत आणि चौकीवरच्या अधिकाऱ्याला भावनेपेक्षा कागद अधिक समजतो. तो कागद सोपा, खरा आणि कोणत्याही घरातील मुलाला मिळू शकेल असा करणे, हे धोरण ठरविणाऱ्यांचे काम आहे. परदेशातल्या एखाद्या बंद खोलीत धूळ खात पडलेला चेलो आणि सोलापुरात त्याची वाट पाहणारी विद्यार्थिनी यांच्यामध्ये आज नियमाची एक ओळ आणि एका पानाचा अभाव, एवढेच अंतर आहे. ते कमी करण्यासाठी सरकारी तिजोरीतून काढून द्यावे असे काही मोठे नाही. मुलीच्या शिकण्याची वर्षे मात्र मोजकी असतात, आणि परवान्याच्या प्रतीक्षेत गेलेली वर्षे कोणत्याही अधिसूचनेने परत आणता येत नाहीत.